आप्पांची विचारणा

आमचे आप्पा खुर्चीला विचारल्याशिवाय तिच्यावर बसत नसत. तुम्हाला वाटेल, ही बाई थट्टा करतेय. थट्टा मी करतेच, तो माझा स्वभावच आहे, पण हे खरं आहे. ऑफिसात नवी खुर्ची आली की आप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, पाठ दाबून बघायचे, चाकं फिरवायचे आणि मोठ्याने विचारायचे, "तुन्हाजोडे काय शे? अन् तुले काय येस?" म्हणजे तुझ्याजवळ काय आहे आणि तुला काय येतं. उत्तरही स्वतःच द्यायचे. "पाय शेत, हात शेत. वर-खाली व्हता येस. मागे रेलता येस नही." एवढं झालं की मग बसायचे. आणि हे सगळं समोर गिऱ्हाईक ताटकळत असताना!

नंदुरबारात एका बियाण्यांच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे आप्पा आणि मी. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, दूध डेअऱ्या यांचे प्रोग्रॅम आम्ही लिहून द्यायचो. मिरचीच्या हंगामात वाऱ्यावर असा खकाणा यायचा, की गिऱ्हाईक, आप्पा, मी आणि खालचा दुकानदार एकदमच शिंकायचो. आप्पा तापीकाठच्या गुजर कुटुंबातले. घरची केळी, घरचा ऊस, भाऊबंद सगळे शेतीत. हे एकटेच कॉम्प्युटरच्या नादी लागले, तेही कॉम्प्युटर कशाशी खातात हे जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा. त्यांचा एक चुलतभाऊ म्हणायचा, हा आमच्यातला देवाला सोडलेला आहे.

मला नोकरी दिली तीही अशीच. मी धानोऱ्याहून स्कूटीवर आले होते, घामाघूम. फाइल उघडून प्रमाणपत्रं पुढे करणार, तर म्हणाले, "बेन, कागद नको दखाडू. तुन्हाजोडे काय शे ते सांग." बेन म्हणजे बहीण.

मी ऐकून होते की माणूस विक्षिप्त आहे. पण उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी तरी विचारावं की नाही? माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "माझ्याजवळ स्कूटी आहे आणि जीभ आहे."

"अन् तुले काय येस?"

"भांडता येतं."

आप्पांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "चाली. गिऱ्हाईकना फोनवर तूच बठशी." मग पाणी मागवलं, चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. प्रोग्रॅम लिहिणं मला येतं की नाही, हे त्यांनी आठवडाभराने विचारलं.

आता हे 'काय आहे' आणि 'काय येतं' प्रकरण काय, ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. डेटाबेसच्या कामात शेतकरी, गाडी, गाव, गोणी, जे काही ठेवायचं ते एकेक ऑब्जेक्ट. त्याच्याजवळ जे असतं, म्हणजे नाव, वजन, रंग, त्या त्याच्या प्रॉपर्टी. त्याला जे करता येतं, म्हणजे बेरीज करणं, पावती छापणं, निरोप पाठवणं, त्या त्याच्या मेथड. एखाद्या ऑब्जेक्टला न येणारी गोष्ट तुम्ही करायला सांगितली, की प्रोग्रॅम तिथंच कोसळतो, आणि मेला नेमका गिऱ्हाईकासमोर कोसळतो. म्हणून काम सांगायच्या आधी विचारून घ्यायचं, बाबा रे, हे तुला येतं का? बाकीचे प्रोग्रॅमर हे कुठे कुठे विचारतात. आप्पा सगळीकडे विचारायचे. एका ओळीचं काम असलं तरी तिच्या डोक्यावर यांची चार ओळींची विचारणा. "आधी इचारानं, मंग सांगानं," हा त्यांचा मंत्र. मी पहिल्यांदा त्यांचा प्रोग्रॅम वाचला तेव्हा मला वाटलं, हा माणूस प्रोग्रॅम लिहीत नाही, लग्न जमवतोय.

लग्नावरून आठवलं. भाऊबंदांत कुणाच्या मुलीच्या लग्नाची बैठक असली की पूर्वी आप्पांना मानाने नेत. एका बैठकीत मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, मुलाजवळ काय आहे? वडील खुलले. बागायत, ट्रॅक्टर, पाइपलाइन, शहाद्याला प्लॉट, सगळं सांगून झालं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् याले काय येस?" वडील मुलाकडे बघायला लागले. शेवटी मुलगाच म्हणाला, "बुलेट चालवता येते." मुलगी पडद्याआडून खुदकन हसली आणि तिथंच ते लग्न मोडलं. तेव्हापासून आप्पांना बैठकीला कुणी नेत नाही, लग्न ठरल्यावर थेट जेवायला बोलावतात.

ऑफिसातल्या वस्तूंवर त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पंख्याच्या बटणाखाली लिहिलेलं होतं: 'जोडे: पाती, आवाज. येस: फिरानं. येस नही: हवा देवानं.' मी एकदा त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी लावली: 'येस: इचारानं. येस नही: ऐकानं.' त्यांनी ती वाचली, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त शुद्धलेखन तपासल्यासारखी दोनदा वाचली आणि तशीच राहू दिली.

पण थट्टा बाजूला ठेवते. त्यांची विचारणा किती कामाची होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका मिरची व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर बाहेरच्या मोठ्या कंपनीचा प्रोग्रॅम होता. काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीला तो फर्मावायचा, नंबर सांग. शहरात बसून लिहिलेला, त्याला काय कळणार? हंगामाच्या ऐन गर्दीत काट्यावर बैलगाडी आली. बैलगाडीला कुठला नंबर? प्रोग्रॅम आडवा. मागे टेम्पोंची रांग पार रस्त्यापर्यंत, आत ओली मिरची उन्हात तापतेय, ड्रायव्हर एकमेकांच्या आईबहिणी काढतायत. आप्पांना बोलावलं. त्यांनी प्रोग्रॅममध्ये एवढंच घातलं: आधी विचार, नंबर आहे का? आहे म्हणाली तर लिही, नाही म्हणाली तर पुढे चल. बैलगाडी डुलत डुलत काट्यावरून उतरली आणि व्यापाऱ्याने आप्पांच्या गळ्यात सगळ्यांसमोर हार घातला.

'नाही म्हणाली तर पुढे चल.' हे लक्षात ठेवा.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे आप्पांची बायको. बाजाराच्या दिवशी त्या गावाहून यायच्या, पिशव्या भरायच्या आणि दुपारी ऑफिसात आमच्याबरोबर जेवून जायच्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. पण आखाजी जवळ आली की त्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या वरचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दारोदार खापरावरचे मांडे आणि आमरस. बाहेरगावी कामाला गेलेला माणूसही आखाजीला घर गाठतो. काकूंचा एकुलता एक मुलगा सुरतेत होता आणि कित्येक आखाज्या तो घरी आला नव्हता. काकू दर आखाजीला त्याचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि संध्याकाळी गाईला घालायच्या. मला विचारायच्या, "पोरी, औंदा येई का वं तो?" मी काय सांगणार? यावा, एवढीच त्या बाईची मागणी होती, आणि आप्पा त्या वेळी हमखास कीबोर्डमध्ये तोंड घालायचे.

भांडण झालं होतं का दोघांत? तेही नाही. भांडण झालं असतं तर मी मिटवलं असतं, मला त्यातलं कळतं. काकूंनी मला सांगितलं ते असं. मुलगा बारावीत आपटला. आप्पांनी त्याला सुट्टीत ऑफिसात बसवलं आणि विचारलं, तुले प्रोग्रॅम लिखता येस का? नाही. हिशेब येस का? नाही. शेती करता येस का? नाही. प्रत्येक 'नाही'ला आप्पा पुढे चालले आणि शेवटी थांबले. त्यानंतर त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही, घालून पाडूनही बोलले नाहीत. जेवताना समोर बसायचे, पण घरात तो नसल्यासारखेच. पोरगा मामाकडे सुरतेला निघून गेला, हॉटेल लाइनला लागला. आप्पांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी तपाशी लीधं. त्याले काही येस नही." तेही अगदी शांतपणे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मला याचा भयंकर राग होता आणि मी तो बोलून दाखवायची. "जगाच्या लेकरांना विचारता तुला काय येतं, आणि स्वतःच्या लेकाला परीक्षेसारखे प्रश्न टाकता?" आप्पा म्हणायचे, "बेन, ते काम पहा." मी काम पाहायची.

मग सातपुड्यातल्या मोलगी गावचं काम आलं. डोंगरातल्या आजारी माणसांसाठी जीपगाड्या चालवणारी एक संस्था तिथं आहे. त्यांना प्रोग्रॅम हवा होता. पाड्यावरून फोन आला की संस्थेच्या सिस्टरने पाड्याचं नाव टाकायचं, प्रोग्रॅमने जवळची जीप शोधायची आणि ड्रायव्हरला निरोप धाडायचा. आप्पांनी जीव ओतून लिहिला. नकाशे मिळवले, पाड्यांची नावं घातली आणि 'गाडी पाठव' या हुकमाच्या वर त्यांची विचारणा बसवली: या पाड्याला गाडी येते का? कारण सातपुड्यात असे कितीतरी पाडे आहेत, जिथं रस्ता खालीच संपतो आणि पुढे पायवाट. विचारणा नसती तर अशा पाड्याचं नाव टाकताच प्रोग्रॅम कोसळला असता. आप्पांच्या प्रोग्रॅमला काही होणार नव्हतं. मला दाखवून म्हणाले, "दख, पडाव नही, अडाव नही."

बसवायला आम्ही दोघं गेलो तो मोलगीच्या बाजाराचा दिवस होता. आंब्याचे दिवस, घाट चढून जीप पोचली. खाली उतरले तर जिकडेतिकडे आमचुराची पोती, आंबट वास, कोंबड्या, डोंगरातून उतरलेली माणसं. संस्थेच्या खोलीत पंखा नव्हता. आप्पांनी तिथल्या खिडकीलाही विचारून घेतलं.

सिस्टर हुशार होती, चटकन शिकली. सकाळी दोन-तीन फोन आले, जीपा सुटल्या, सगळे खूश. चहा आला. आणि मग तो फोन आला.

एक माणूस टेकडीवर चढून बोलत होता, कारण त्यांच्या पाड्यावर रेंज नाही. त्याच्या वहिनीला पहाटेपासून कळा सुरू होत्या, पहिलं बाळंतपण, आणि दाई म्हणाली होती की आता आपल्याच्याने होत नाही, दवाखान्यात न्या. सिस्टरने घाईघाईने पाड्याचं नाव टाकलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'या पाड्याला गाडी येत नाही.' आणि खाली रिकामी चौकट लुकलुकायला लागली, पुढचा फोन घ्यायला तयार.

"पडना नही!" आप्पा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. "दखं का बेन? पडना नही!"

सिस्टर आमच्याकडे बघत होती. फोन तिच्या कानाला तसाच होता. "आता त्याला काय सांगू?" तिने विचारलं.

आप्पांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर पुढे काही नव्हतं. आणि माझा तोल गेला.

"आप्पा, तुमचा प्रोग्रॅम पडला नाही, पण ती बाई तिकडे पडलीय ना! तुम्ही पाड्याला एकच विचारलं, गाडी येते का. नाही म्हणाला, की चालले पुढे! त्याला काय येतं, ते विचारलं का? खुर्चीला विचारता, पंख्याला विचारता, आणि अख्ख्या पाड्याला विचारायला तुमची जीभ झिजली का?"

इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. सिस्टर भिंतीला चिकटून उभी राहिली. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम उतरला. त्यांनी उठून सिस्टरच्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, मी बोली ऱ्हायनू. तुन्हाजोडे काय शे?"

पलीकडून आवाज आला, "गाडी नाय. रस्ता नाय."

"नही ते सोड. शे ते सांग."

असं त्याला आजवर कुणी विचारलं नसावं. मग हळूहळू सांगायला लागला. बांबू आहेत. चादरी आहेत, घट्ट. झोळी बांधता येते, आम्ही आजारी माणूस तसाच उतरवतो. वाट पाठ आहे. बाया आहेत, थोडं अंतर आणतील. "पण डोंगर उतराचा ना, बाप्या मानसं पायजे. मानसं नाय."

"कोठे गयात मानसं?"

"बाजारात. मोलगीला."

"मोलगीले?" आप्पा एवढ्याने ओरडले की बाहेरची कोंबडी फडफडली. "आरे भाऊ, मी मोलगीमाच शे! तुम्ही झोळी बांधा अन् निंघा. मानसं मी धाडी ऱ्हायनू."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "बेन, तुले ओरडता येस ना?"

येतं म्हणजे काय! मी जीपच्या पायरीवर चढले आणि बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पाड्याचं नाव घेऊन बोंबलत सुटले. ड्रायव्हर जीप बैलाच्या चालीने चालवतोय, सिस्टर दुसऱ्या बाजूला लटकून त्यांच्या बोलीत सांगतेय, आणि आप्पा पुढे पायी, हातवारे करत गर्दी बाजूला सारतायत. आमचुराच्या पोत्यांमागून एक उठला. चपलांच्या दुकानातून एक पायात नवी, हातात जुनी चप्पल घेऊन आला. एकाने विकायला आणलेला कोंबडा माझ्या हातात कोंबला आणि जीपमध्ये चढला. कुणी 'कशाला' म्हणून विचारलं नाही. जीप भरली आणि धुरळा उडवत डोंगराकडे गेली. मी बाजाराच्या मधोमध घसा बसलेल्या अवस्थेत, काखेत कोंबडा धरून उभी.

नंतरचे तास कसे गेले ते विचारू नका. आप्पा खोलीत फोनपाशी बसले होते. विचारणा नाही, मंत्र नाही, काही नाही. मी कोंबड्याला तांदूळ घालत होते. उन्हं कलली तेव्हा ड्रायव्हरचा फोन आला. बाया वरून झोळी घेऊन निघाल्या होत्या, माणसं खालून चढली, अर्ध्या वाटेत खांदे बदलले आणि पळत उतरवलं. दवाखान्यात पोचल्यावर लगेच मुलगी झाली. दोघी सुखरूप. सिस्टर रडायला लागली. मीही रडले, लाजायचं काय त्यात? कोंबडेवाला जीपमधूनच परत आला, नात्याने तो त्या मुलीचा मामा निघाला, आणि कोंबडा तुम्हीच ठेवून घ्या, असा मला आग्रह करत बसला. शेवटी आम्ही त्याला चहा पाजून कोंबड्यासकट घरी पाठवला.

परतताना आम्ही घाट उतरत होतो. अक्कलकुव्याचे दिवे दिसायला लागल्यावर आप्पा म्हणाले, "बेन, मी पाड्याले एकच इचारं. गाडी येस का."

"हो ना. पण नंतर विचारलंत. झालं की."

"पोऱ्याले नंतर बी इचारं नही," ते म्हणाले. "हाई येस का, ते येस का, तेवढंच. तुले काय येस, हाई त्याले मी कधीच इचारं नही." मग चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांना चष्मा पुसू दिला.

मोलगीचा प्रोग्रॅम त्यांनी पुन्हा लिहायला घेतला. आता तो पाड्याला गाडी येते का एवढंच विचारून थांबत नाही. नाही म्हणाला तर पुढे विचारतो, तुझ्याकडे काय काय आहे, तुला काय काय येतं. ती माहिती भरायला आम्ही बाजारामागून बाजार मोलगीला गेलो. झोळी कुठे आहे, दाई कोण, रेंज कुठल्या झाडाखाली येते, पावसाळ्यात कुठला नाला अडवतो, माणसं कुठल्या पाड्याची लवकर येतात. लोक आधी हसायचे, मग इतकं सांगायचे की लिहून माझा हात दुखायचा. ते काम अजून तसंच चालू आहे, आता मी बघते.

पण फोनचं सांगायचं राहिलं. मोलगीहून आलो त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या. आम्ही जेवायला बसलो. आप्पांनी पहिला घास हातात घेतला, खाली ठेवला, आणि मोबाइल काढून मला म्हणाले, "नंबर लाव." कुणाचा, ते मी विचारलं नाही. काकूंनी दिला. मी लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल डब्याशेजारी ठेवला.

"हॅलो?" पलीकडे भांड्यांचा आवाज, गर्दीचा आवाज.

"आप्पा बोली ऱ्हायनू."

भांड्यांचा आवाज थांबला. "काय झालं? माय बरी शे ना?"

"माय बरी शे. मले एक इचारानं शे." आप्पा मोबाइलवर वाकले. "तुले काय येस रे?"

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मग मुलगा म्हणाला, "मांडा करता येस, आप्पा."

तुम्ही खान्देशातले नसाल तर यात काय एवढं, असं वाटेल. मांडा म्हणजे पुरण भरलेली ती प्रचंड पोळी, लाटण्याशिवाय नुसत्या हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. फाटली तर गेली. आमच्याकडे ते बायकांचं काम, आणि बायकांतही मोजक्यांचं. मला येत नाही. पुरुषाने खापरापुढे बसायचं, हे कुणाच्या स्वप्नातही नाही. म्हणून तर आप्पांनी मुलाला हिशेब विचारला, शेती विचारली, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सुरतेत खान्देशातली हजारो माणसं आहेत, आणि हा पोरगा तिथं खापर मांडून त्यांना रोज मांडे खाऊ घालत होता.

"कोनी शिकाडं तुले?" आप्पांनी विचारलं.

"मायनी."

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. "तू मले सांगं नही?"

काकूंनी पदर तोंडावरून काढला. "तुम्ही कव्हय इचारं?" त्या म्हणाल्या. माझ्या मनात आलं, या बाईकडून मला भांडणाची शिकवणी लावायला हवी.

आप्पांनी मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला. "आखाजीले ये," ते म्हणाले. "आम्हले मांडा खावाना शेत."

त्या आखाजीला काकूंनी मलाही बोलावलं. तापीकाठचं त्यांचं घर, पुढे मोठं अंगण, निंबाला झोका, झोक्यावर पुतण्यांच्या लेकी. भाऊबंद पुरुष ओसरीवर पंगतीला बसलेले. अंगणात चूल, चुलीवर खापर, आणि खापरापुढे आप्पांचा मुलगा, बाह्या वर करून. हातांवर कणीक अशी फिरत होती की झोक्यावरच्या मुली झोका थांबवून बघायला लागल्या. काकू शेजारी पीठ घेऊन बसल्या होत्या आणि काही करत नव्हत्या, नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. झाकलेलं ताट त्या दिवशी कुठे नव्हतं.

ओसरीवर कुजबुज सुरू झालीच. आप्पांना देवाला सोडलेला म्हणणारा तो चुलतभाऊ पंगतीतून मोठ्याने म्हणाला, "का रे, पोऱ्या मांडा करी ऱ्हायना?" दोन-तीन जण हसले. मुलाचा हात थांबला. खापरावरचा मांडा करपायला लागला.

मी तोंड उघडणारच होते. पण आप्पा आधीच उठले होते. ते चुलीपाशी गेले, करपलेला मांडा स्वतःच्या हाताने उचलला, त्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि चावत चावत चुलतभावासमोर येऊन उभे राहिले.

"तुले येस का?" त्यांनी विचारलं.

चुलतभाऊ गडबडला. "मले? नही."

"मंग बठ अन् खाय," आप्पा म्हणाले, आणि मुलाकडे वळून दुसरा मांडा मागितला.